जिप्सी ८० ला थरथरते: चाक, शाफ्ट की नकल, हे ओळखायचं कसं

मारुती जिप्सी, मग ती एमजी४१० असो की १९९६ नंतरची १३०० सीसीची किंग, जुनी झाली की एक तक्रार हमखास येते. सत्तरपर्यंत गुमान चालते आणि पंचाहत्तर-ऐंशीला अंगात आल्यासारखी थरथरायला लागते. मग आधी बॅलन्सिंग, फरक नाही म्हणून अलाइनमेंट, मग नवे शॉक अ‍ॅब्झॉर्बर, शेवटी स्टिअरिंग डँपर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा दांडा). खर्चाचा हा क्रम उलटा आहे. आधी कुठली फिरती वस्तू हलतेय, की नकल, म्हणजे पुढचं चाक धरून वळणारा जोड, ढिला झालाय, हे ठरवायचं, सुटे भाग त्यानंतर आणायचे.

फिरत्या वस्तू तीन वेगांनी फिरतात, आणि निम्मं निदान यातच आहे. २०५/७० आर१५ टायरचा परीघ साधारण २.१ मीटर. ताशी ८० ला चाक सेकंदाला साडेदहा फेरे घेतं. डिफरन्शियलचं (एक्सलच्या मधल्या, दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांचं) गुणोत्तर ढोबळ ४ धरलं तर मागचा प्रॉपेलर शाफ्ट (एक्सलकडे ताकद नेणारा लांब फिरता दांडा) सेकंदाला ४२ च्या आसपास, म्हणजे मिनिटाला २५००. जिप्सीत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी गिअरांची पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळी असते आणि दोघांमध्ये एक आखूड शाफ्ट असतो. किंगच्या ट्रान्सफर केसचं हाय रेंजचं, म्हणजे नेहमीच्या रस्त्यावरचं, गुणोत्तर १.४०९ असल्यामुळे हा आखूड शाफ्ट प्रॉपेलरपेक्षाही जोरात फिरतो, मिनिटाला ३५०० च्या घरात. गिअर चौथा असो की पाचवा, ८० ला त्याचा वेग तोच. गाडीखाली वाकून बघणारे मोठा शाफ्ट बघतात आणि हा विसरतात.

हाताला, पायाला हे वेगळं जाणवतं. चाकाचं कंपन संथ आणि ठसठशीत असतं: स्टिअरिंग डावी-उजवीकडे थरथरतं, बॉनेट हलताना दिसतं, पाण्याच्या बाटलीत लाटा उठतात. शाफ्टचं कंपन बारीक असतं. ते फ्लोअरमधून तळपायाला मुंग्या आल्यासारखं लागतं, आरसा धूसर होतो, सोबत घूंऽऽ असा आवाज येतो. क्रॉसचा (शाफ्टच्या टोकाच्या, कोनात फिरणाऱ्या सांध्याचा) कोन बिघडला असेल तर तो शाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा झटका देतो, म्हणून ती गुणगुण आणखी बारीक.

रस्त्यावरच्या चाचण्या

रस्ता डांबरी निवडा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेसारख्या काँक्रीटच्या रस्त्यावरच्या आडव्या खाचा स्वतःच गुणगुणतात आणि सांधे ठोके देतात, तिथे निदान करायला गेलात तर चांगल्या गाडीतही दोष सापडेल. किमान १० किलोमीटर गाडी चालवून टायर गरम होऊ द्या. रात्रभर उभ्या गाडीच्या टायरला खाली सपाट डाग पडतो आणि तो पहिले काही किलोमीटर ठोके देतो. शेजारी कुणाला तरी बसवा, नोंदी त्याने घ्याव्यात.

थरथर सुरू होते त्या वेगाच्या थोडं वर जा आणि क्लच दाबून न्यूट्रल करा. इंजिन बंद करू नका. थरथर तशीच राहिली तर इंजिन आणि क्लच सुटले. मग त्याच वेगाला चौथा आणि पाचवा गिअर वापरून बघा. गिअर बदलल्यावर थरथरीचा वेग बदलला तर संशय इंजिनकडे किंवा त्याच्या माउंटिंगकडे. ती ताशी वेगालाच चिकटून असेल तर दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे.

आता अ‍ॅक्सिलरेटर. दाबल्यावर वाढते आणि सोडल्यावर जाते, किंवा याच्या उलट, तर शाफ्टचा कोन, क्रॉस किंवा पिनियनचं (शाफ्ट जोडतो त्या डिफरन्शियलच्या गिअरचं) बेअरिंग बघावं लागेल. चाकाच्या बॅलन्सिंगला तुम्ही रेस देताय की नाही याच्याशी घेणं-देणं नसतं. फक्त ब्रेक मारल्यावर येत असेल तर पुढची डिस्क वाकडी किंवा मागचा ड्रम अंडाकृती झालाय, तो विषय वेगळा.

त्यानंतरची चाचणी फक्त फोर-बाय-फोरलाच करता येते, आणि फुकट आहे. पुढचे हब (पुढची चाकं आतल्या अ‍ॅक्सलला जोडणारे-सोडणारे) 'फ्री' आणि लिव्हर २एच वर (ताकद फक्त मागच्या चाकांना) ठेवून एक फेरी मारा. मग थांबून दोन्ही हब 'लॉक' करा, लिव्हर २एच वरच ठेवा आणि त्याच रस्त्यावर तीच फेरी मारा. आता पुढचा प्रॉपेलर शाफ्ट, पुढचं डिफरन्शियल आणि आतले अ‍ॅक्सल बिनभाराचे फिरतायत. हब लॉक केल्यावरच थरथर आली तर दोष पुढच्या शाफ्टमध्ये किंवा एक्सलमध्ये आहे. दोन्ही वेळा सारखीच असेल तर पुढची लाइन निर्दोष. हब लॉक नसलेल्या, फिक्स फ्लॅन्जच्या गाडीत पुढचा शाफ्ट कायम फिरत असतो, तिथे तो सरळ काढून फेरी मारायची. कोरड्या डांबरावर ४एच (चारही चाकांना ताकद) मात्र लावू नका. पुढचा आणि मागचा एक्सल वळणावर वेगवेगळं अंतर कापतात, ते अंतर जिरवायला मध्ये डिफरन्शियल नाही, त्यामुळे सगळा पीळ शाफ्टवर आणि ट्रान्सफर केसच्या गिअरांवर येतो.

मागच्या शाफ्टवर संशय असेल तर तो काढून, हब लॉक करून, ४एच मध्ये नुसत्या पुढच्या चाकांवर गाडी चालवता येते. एकच एक्सल जोडलेला असल्यामुळे पीळ पडत नाही. फक्त रेस हलकी ठेवा, कारण सगळी ताकद पुढच्या बारीक शाफ्टवर असते. शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही टोकांच्या फ्लॅन्जवर (बोल्टने जोडायच्या चकतीवर) आणि मधल्या स्प्लाइनवर (एकमेकांत सरकणाऱ्या दातेरी जोडावर) रंगाने किंवा सेंटर पंचने खुणा करा. चाकांना दगड लावायचेच: मागचा शाफ्ट निघाला की २एच मध्ये गिअर टाकून ठेवलेली गाडी उतारावर थांबत नाही.

चाकं

स्टिअरिंग थरथरत असेल तर इथून सुरुवात. रिमच्या आतल्या बाजूला हात घाला. पावसाळ्यात कोकणात किंवा घाटवाटांवर चिखलातून फिरलेल्या गाडीत वाळलेल्या मातीचा गोळा तिथे हमखास सापडतो, आणि पाव किलो मातीपुढे बॅलन्सिंगच्या २० ग्रॅम वजनाचं काय चालणार? रिम धुऊन परत चालवा.

टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा कोड असतो, २३१६ म्हणजे २०१६ चा २३ वा आठवडा. सहा-सात वर्षांच्या पुढचा टायर नक्षी चांगली असली तरी संशयितच. चाक उचला, रिमजवळ एक तार किंवा पेन्सिल स्थिर धरा आणि चाक हाताने फिरवा. आधी रिमची कड, मग टायरचा माथा. रिम एक मिलिमीटरहून जास्त आणि टायर दीड-दोन मिलिमीटरहून जास्त वर-खाली होत असेल तर बॅलन्सिंग कितीही वेळा करा, उपयोग नाही. अंड्याचं वजन सारखं वाटलं म्हणून अंडं गोल होत नाही. एकाच ठिकाणी फुगवटा दिसला तर आतला पट्टा सुटलाय, तो टायर त्याच दिवशी काढा.

जिप्सीची आणखी एक खास अडचण. रिमचं मधलं भोक मोठं, सुमारे १०८ मिलिमीटर, आणि बोल्टचं वर्तुळ ५ × १३९.७, म्हणजे पाच बोल्ट १३९.७ मिलिमीटर व्यासावर. बऱ्याच दुकानांत चाक मशीनवर मध्यावर धरणारे शंकू हॅचबॅकपुरतेच असतात. त्यावर हे चाक तिरकं बसतं आणि मशीन त्या तिरकेपणाचं बॅलन्सिंग करून देतं. ओळखायची युक्ती सोपी: मशीनवर शून्य आल्यावर चाक सोडायला सांगा, अर्धा फेरा फिरवून परत बसवा आणि पुन्हा मोजा. आता ५-१० ग्रॅमपेक्षा जास्त दाखवत असेल तर चाक मशीनवर नीट बसलेलंच नाही, दुकान बदला. गाडीवर चढवताना नट चाक हवेत असतानाच, एक सोडून एक, थोडे थोडे आवळा, म्हणजे निमुळते नट रिमला मध्यावर आणतील. न्यूमॅटिक गनने पहिला नट पूर्ण ठोकला की रिम एका बाजूला बसतं.

कुठलं चाक, हे कळत नसेल तर पुढची मागे आणि मागची पुढे करा. थरथर स्टिअरिंगमधून सीटखाली गेली तर उत्तर मिळालं. दुसरा उपाय: चाचणीपुरती हवा ४-५ पीएसआय वाढवा. थरथरीचा वेग किंवा जोर बदलला तर दोष टायरमध्ये.

नकल आणि किंगपिन

साठ-सत्तरला खड्डा किंवा पुलाचा सांधा लागला आणि स्टिअरिंग हातातून सुटेल इतकं व्हॉबल झालं, ब्रेक मारून वेग कमी केल्याशिवाय थांबलं नाही, तर ते बॅलन्सिंगचं कंपन नव्हे. टायर फक्त ठिणगी टाकतो, दोष ढिल्या जोडात असतो.

पुढचं चाक उचला, एक्सलखाली घोडा (लोखंडी स्टँड) लावा. चाक वर-खाली, म्हणजे घड्याळाच्या १२ आणि ६ वर धरून हलवा. प्ले जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. प्ले गेला तर तो व्हील बेअरिंगचा, कारण ब्रेकने हब नकलला बांधला गेला. तसाच राहिला तर वरखालच्या किंगपिन (नकल ज्यांवर वळतो त्या खुंट्या) बेअरिंगचा. मग ३ आणि ९ वर धरून हलवा: टाय रॉड एंड आणि ड्रॅग लिंक या स्टिअरिंगच्या दांड्यांचे बॉल जॉइंट बोटांनी दाबून धरले की नेमका कुठला ठकठकतो ते कळतं.

किंगपिनची बेअरिंगं निमुळत्या रोलरची असतात आणि त्यांचा ताण शिमने (पातळ चकत्यांनी) ठरतो. शिम कमी केले की ताण वाढतो. टाय रॉड सोडवून नकल हाताने फिरवा. तो एकसारखा, जरा जडच फिरायला हवा. आपल्या वजनाने लोळत असेल तर ताण गेलाय. मधोमध एखाद्या खाचेत अडकल्यासारखा वाटला तर बेअरिंगच्या कपात खळगे पडलेत, तिथे शिम काढून काही साधत नाही, बेअरिंग बदलावंच लागतं. फाटक्या नकल सीलमधून आत गेलेलं पाणी हे याचं नेहमीचं कारण. स्टिअरिंग डँपर हे सगळं झाल्यावर बघायची गोष्ट. ढिल्या किंगपिनवर डँपर लावणं म्हणजे ताप असताना थर्मामीटर फोडणं.

शाफ्ट, क्रॉस आणि कोन

शाफ्टवर माती, डांबराचे थेंब, पोचा आणि सुटलेल्या वजनाचा चौकोनी चकचकीत डाग बघा. क्रॉसच्या टोप्यांभोवती लालसर पूड दिसली तर आतल्या सुया कोरड्या पडून गंजल्या. शाफ्ट काढून क्रॉस दोन्ही दिशांना हलवा: ढिला चालत नाही, तसाच अडकत-अडकत फिरणाराही चालत नाही. नवीन क्रॉस दाबताना एक सुई आडवी पडून टोपीच्या तळाशी बसणं ही गॅरेजमधली सर्रास चूक. टोपी पूर्ण बसत नाही, सर्कलिप (टोपी अडकवणारी कडी) खाचेत जात नाही, आणि ती ठोकून बसवली की हजार किलोमीटरमध्ये क्रॉस जातो. ग्रीस निप्पलमधून चारही टोप्यांच्या सीलमधून ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा.

शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एकाच रेषेत हवेत. स्प्लाइन सुटा करून परत घालताना एक-दोन दात चुकले की शाफ्ट कितीही नवा असला तरी थरथरणार. म्हणूनच आधीच्या त्या खुणा. तिन्ही शाफ्टांना हेच लागू.

शाफ्ट असंतुलित आहे असं वाटलं तर लेथवर पाठवण्याआधी दोन होज क्लॅम्प घेऊन बघा. शाफ्टच्या पिनियनकडच्या टोकाजवळ खडूने चार बाजू आखा. एका क्लॅम्पचा स्क्रू पहिल्या बाजूला ठेवून फेरी, मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. जिथे सगळ्यात कमी थरथरतं तिथे ठेवा, कमी पडलं तर दुसरा क्लॅम्प जोडा, जास्त झालं तर दोन्ही स्क्रू एकमेकांपासून दूर सरकवा.

गाडी उचललेली असेल, म्हणजे लांब शॅकल (पाट्याच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या, टोकाचे झुलते दुवे) घातले असतील, तर आधी कोन मोजा. गाडी चाकांवर, सपाट जागी उभी असताना ट्रान्सफर केसच्या फ्लॅन्जचा आणि पिनियन फ्लॅन्जचा कोन मोबाइलच्या लेव्हलने किंवा चुंबकी कोनमापकाने घ्या. दोन्ही समांतर हवेत, फरक एका अंशाच्या आत. मागचा शॅकल लांब केला की पाट्याचं मागचं टोक खाली जातं आणि पिनियनचं नाक वर उठतं. पुढे शॅकल लांब केल्यावर एक्सल पुढे झुकतो, कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, स्टिअरिंग भटकतं आणि व्हॉबलला आमंत्रण मिळतं. मागचं नाक खाली आणायला पाटा आणि एक्सलच्या बैठकीमध्ये निमुळती पाचर घालतात. मूळ जिप्सीत पाटे एक्सलच्या खाली असतात, त्यामुळे पाचरीची जाड बाजू मागे हवी. पाटे एक्सलवर घेतलेल्या गाडीत बरोबर उलट.

शेवटी ट्रान्सफर केसचे तीन रबर माउंट. पहारीने केस हलकेच उचकटून बघा. एखादा फाटला असेल तर भार आल्यावर केस तिरकी होते आणि तिन्ही शाफ्टांचे कोन एकदम बिघडतात. पहिल्या गिअरला गाडी सोडताना खालून धप्प असा ठोका येतो, तो हाच. उभ्या गाडीत मोजलेले कोन बरोबर येतात आणि चालताना मात्र गाडी थरथरते, अशी कोडी बहुधा इथेच सुटतात.

पाचर घातली, पाटे किंवा माउंट बदलले की यू-बोल्ट आणि फ्लॅन्जचे बोल्ट १०० किलोमीटरनंतर एकदा आणि ५०० नंतर पुन्हा टॉर्क पान्याने आवळा. नवं रबर आणि रंगाचा थर बसतात, तेवढा बोल्ट सैल होतो.