कामाच्या दौऱ्यात समुद्र आणि धबधबा कसा साधायचा

किनाऱ्यावरच्या गावात दोन-तीन दिवसांचे काम निघाले की बहुतेक जण आधी बैठका ठरवतात आणि उरलेल्या फटीत समुद्र आणि धबधबा बसवायला बघतात. हा क्रम उलटा करा. बैठक दोन तास मागे-पुढे सरकते, भरती सरकत नाही. दौऱ्याच्या तारखा पक्क्या झाल्या की बैठकांच्या वेळा कळवण्याआधी तीन गोष्टी कागदावर उतरवा: त्या दिवसांतल्या भरती-ओहोटीच्या वेळा, सूर्योदय-सूर्यास्त, आणि डोंगराकडच्या भागाचा पावसाचा अंदाज. गावाचा अंदाज पुरत नाही, कारण धबधब्याचे पाणी गावात पडत नसते.

सर्वसाधारण नियम असा: धबधबा सकाळी, पोहणेही शक्यतो सकाळी, किनाऱ्यावरची भटकंती संध्याकाळी, आणि बैठका दुपारी. कारण वाऱ्यात आहे. सकाळ उलटली की जमीन तापते आणि समुद्राकडून खारे वारे सुटतात. दुपारी ते जोरात असतात, पाण्यावर लाटा उठतात, वाळू उडते. हीच दमट हवा डोंगराला अडून वर चढते आणि दमट हवेच्या दिवसांत दुपारनंतर तिथे गडगडाटी पाऊस होतो. म्हणजे दुपारी किनाऱ्यावर लख्ख ऊन असतानाही धबधब्याच्या माथ्यावर पाऊस कोसळत असू शकतो. रात्री वारे फिरतात, मतलई वारे जमिनीकडून वाहतात, म्हणून पहाटे पाणी सहसा सपाट असते.

एकाच दिवशी धबधबा भरलेला आणि समुद्र निवळशंख अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. धबधबा जोरात असेल तेव्हा नदीच्या मुखापाशी समुद्र गढूळ असतो. जोराच्या पावसानंतर दोन-तीन दिवस नदीचे मुख, खाडी आणि नाल्याच्या आसपास पोहणे टाळा, कारण सगळ्या गावाची घाण तिथेच उतरलेली असते. पावसाळा नुकताच सरलेला काळ दोन्हींसाठी सर्वांत बरा. दौऱ्याची तारीख आपल्या हातात असेल तर तोच धरा.

भरतीचे गणित

बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. त्यामुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. सोमवारी सकाळी ७ला ओहोटी असेल तर गुरुवारी ती साडेनऊच्या आसपास येईल. काही किनाऱ्यांवर दिवसातून एकच भरती येते, म्हणून त्या जागेचा तक्ता बघितल्याशिवाय हा हिशोब लावू नका. तक्ता जवळच्या बंदराचा असतो; खाडीत आत गेलात तर भरती उशिरा पोहोचते.

अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असते: पाणी खूप वर चढते आणि तितकेच खाली जाते. रुंद पुळण आणि उघडे कातळ बघायचे असतील तर उधाणाची ओहोटी गाठा. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा फरक कमी. हवेचा दाब खूप उतरला असेल किंवा वारा समुद्राकडून जोरात असेल तर पाणी तक्त्यातल्या आकड्यापेक्षा वर येते.

माणसे अडकतात ती पाण्याच्या वेगाचा अंदाज चुकल्यामुळे. पाणी सारख्या गतीने चढत नाही. ओहोटी ते भरती या सहा तासांचे सहा भाग केले तर एकूण चढाचे बारावे हिस्से १, २, ३, ३, २, १ असे वाटले जातात. चढ ३.६ मीटर असेल तर पहिल्या तासात पाणी ०.३ मीटर चढते, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी ०.९ मीटर. पुळणीचा उतार पन्नासास एक असेल तर ०.९ मीटर चढ म्हणजे तासाभरात ४५ मीटर वाळू पाण्याखाली. पहिला तास शांत गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि तेवढ्यात भूशिराला वळसा घालून आलेली वाट बंद होते. ओहोटीला कडेकडेने शेजारच्या पुळणीवर जायचे असेल तर ओहोटीच्या दोन तास आधी निघा आणि ओहोटीनंतर तासाभरात परतलेले असा. त्याहून उशीर झाला असेल तर पाण्यातून वाट काढू नका. वर चढायचा रस्ता शोधा किंवा उंच जागी थांबून मदत मागा.

कातळावर उभे राहण्याआधी दहा-पंधरा मिनिटे लांबून लाटा बघा. मोठ्या लाटा झुंडीने येतात आणि मधे बराच वेळ शांत जातो. जिथपर्यंत कातळ ओला आहे तिथपर्यंत पाणी येतेच, मग या क्षणी ते कितीही दूर दिसो.

पाण्यात उतरताना

बऱ्याच देशांत लाल-पिवळ्या झेंड्यांच्या जोडीमधल्या पट्ट्यावर जीवरक्षकांचे लक्ष असते. पोहायचे तर तिथेच. लाल झेंडा म्हणजे धोका, दोन लाल झेंडे म्हणजे पाणी बंद, जांभळा म्हणजे जेलीफिशसारखे डंख मारणारे जीव. जीवरक्षक कामावर यायच्या आधी पोहायची संधी दिसत असेल तर ती सोडा. गुडघ्याएवढ्या पाण्यात चाला आणि परत या.

रिप करंट ओळखायला शिका, कारण नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. लाटा सलग फुटत असताना मधेच एक पट्टा गडद आणि शांत दिसतो, फेस आणि वाळू तिथून आत खेचली जाते. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी तिथून परत जात असते. जोरदार प्रवाहाचा वेग सेकंदाला अडीच मीटरपर्यंत जाऊ शकतो, त्यापुढे ऑलिंपिकचा जलतरणपटूही टिकत नाही. ओढले गेलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका. बुडणारे लोक बहुधा दमून बुडतात. हा प्रवाह बाहेर नेतो, पण खाली ओढत नाही. तरंगत राहा, हात हलवून मदत मागा, दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर या आणि मग लाटांबरोबर तिरके किनाऱ्याला लागा.

दौऱ्यातला आणखी एक धोका म्हणजे एकटेपणा. सहकारी नसेल तर मुक्कामाच्या ठिकाणी कुठे जाताय आणि किती वाजता परत येणार हे लिहून ठेवा. संध्याकाळच्या जेवणात मद्य झाले असेल तर पाण्यात उतरू नका.

धबधब्याची वाट

सपाटीवर ताशी ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा, हा स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा १८९२ सालचा नियम आजही कामाचा आहे. ओल्या, निसरड्या वाटेला त्यावर निम्मा वेळ आणखी धरा. उदाहरणार्थ ४ किलोमीटर आणि ३०० मीटर चढ: ४८ मिनिटे अधिक ३० मिनिटे, म्हणजे ७८, निम्मे मिळवून जवळपास दोन तास. तेवढेच परतीला धरा, कारण निसरड्या उतारावर वेळ वाचत नाही. दोन वाजता बैठक असेल तर आंघोळ, कपडे आणि गाडीचा वेळ वजा करून मागे फिरायची वेळ आधी ठरवा, आणि धबधबा पाच मिनिटांवर असला तरी त्या वेळेला फिरा. घाईत उतरताना पाय जितके घसरतात तितके एरवी घसरत नाहीत.

बुटांचा तळ खोल नक्षीचा आणि मऊ रबराचा हवा. काळपट-हिरव्या चकाकीच्या दगडावर शेवाळ असते, त्यावर कोणताही बूट भरवशाचा नाही. असा दगड टाळून खडबडीत, कोरड्या जागी पाय ठेवा.

पोहोचल्यावर प्रवाहातला एक दगड खूण म्हणून धरा आणि दर काही मिनिटांनी त्याकडे बघा. दगड बुडू लागला, पाणी एकाएकी गढूळ झाले, पाने-काटक्या वाहत येऊ लागल्या किंवा आवाज जड झाला तर सामान सोडून लगेच उंच जागी जा. पलीकडच्या काठावर असाल तर परत ओलांडायचा मोह टाळा. वर धरण असेल तर पाणी सोडण्याच्या वेळा आधीच विचारून घ्या. गडगडाट ऐकू आला की निघा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे आडोसा सोडू नका.

धारेखाली डोह किती खोल आहे हे वरून कळत नाही, म्हणून उडी मारू नका. फेसाळ पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळलेले असल्याने अंग नेहमीसारखे तरंगत नाही, आणि कोसळणारे पाणी तळाशी जाऊन पुन्हा धारेकडे फिरते. त्यात सापडलेला माणूस तिथेच घुसळला जातो. पांढरा फेस संपून पाण्याचा खरा रंग दिसतो त्या रेषेपलीकडे, धारेच्या दिशेने जाऊ नका. शिवाय धारेबरोबर दगड येतात. पाणी फार थंड असेल तर पहिले एक-दोन मिनिट श्वासावर ताबा राहत नाही, तेव्हा हळूहळू उतरा.

परतीला उजेड किती उरला ते बोटांनी मोजता येते. हात पूर्ण लांबवून आडवी बोटे सूर्य आणि क्षितिज यांच्या मधे धरा. एक बोट म्हणजे साधारण १५ मिनिटे. दरीत मात्र अंधार त्याआधीच पडतो.

सामान

कामाचे आणि पाण्याचे सामान एकमेकांना लागू देऊ नका. कामाचे बूट आणि कपडे मुक्कामावरच ठेवा. लॅपटॉप गाडीत ठेवू नका: उन्हात उभी बंद गाडी आतून ५० अंशांपलीकडे तापू शकते. फोनवर आयपी६८ (धूळ-पाणी रोधक असल्याची खूण) लिहिलेले असले तरी ती चाचणी गोड्या पाण्याची असते. खारे पाणी लागले तर गोड्या पाण्यात ओल्या केलेल्या फडक्याने पुसा, आणि खोबण पूर्ण वाळल्याशिवाय चार्जिंगला लावू नका; ओलाव्यातून वीज गेली की खोबणीतले धातू झिजतात. थंड खोलीतून कॅमेरा एकदम दमट हवेत काढला की भिंग धुरकट होते. बंद पिशवीतच २० मिनिटे राहू द्या. चष्म्यावर खारा तुषार वाळला असेल तर आधी पाण्याने धुवा, मग पुसा, नाहीतर मिठाचे कण ओरखडे पाडतात.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा अधिकचे, निघण्याआधी १५-२० मिनिटे लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा. पूर्ण अंगाला एका वेळी साधारण ३० मिलिलिटर लागते. बहुतेक लोक त्याच्या निम्मेही लावत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी भाजलेल्या मानेवर कॉलर घासत बैठकीला बसतात. कपडे रात्रीतून वाळवायचे तर पिळून कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळा, गुंडाळीवर पाय देऊन दाबा आणि मग वाऱ्याला टांगा. ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे घाला आणि दोन तासांनी बदला.

कागदपत्रे आणि शेवटचा दिवस

कंपनीचा प्रवास विमा बऱ्याचदा कामाच्या दिवसांपुरता आणि कामाशी संबंधित हालचालींपुरता असतो. मुक्काम स्वतःच्या सुट्टीने वाढवत असाल तर तसे लेखी कळवा, त्या दिवसांचा विमा वेगळा घ्या आणि बिले वेगळी ठेवा. परदेशात असाल तर व्हिसाची मुदत वाढीव दिवसांना पुरते का ते तिकीट काढण्याआधी पाहा. भाड्याच्या गाडीचा करार वाचा. वाळूत गाडी घालण्याला बहुधा मनाई असते आणि रुतलेल्या गाडीचा खर्च तुमच्या अंगावर येतो.

स्कूबा डायव्हिंग करायचे असेल तर ते दौऱ्याच्या सुरुवातीला. एका साध्या डाइव्हनंतर विमानात बसायला किमान १२ तास, अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास थांबावे लागते, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन विमानातल्या कमी दाबाने बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडतो. दूरचा धबधबाही परतीच्या दिवशी नको. त्या दिवशी मुक्कामाजवळची पुळण, तीही विमानाच्या किंवा गाडीच्या वेळेपासून चार तास राखून.

पायाला जखम असताना पुराच्या किंवा साचलेल्या गोड्या पाण्यातून चालला असाल तर तारीख लिहून ठेवा. लेप्टोस्पायरोसिसचा (दूषित पाण्यातून होणाऱ्या जिवाणूजन्य आजाराचा) ताप दोन दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत कधीही येऊ शकतो. तोवर तुम्ही घरी, रोजच्या कामात असाल, आणि डॉक्टरांना त्या पाण्याबद्दल तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार नाही.