नवीन सैनिक मागवताय? खान्देशातल्या मिनिएचरवाल्यांनो, या चुका टाळा

मिनिएचर म्हणजे शोकेसमध्ये मांडायच्या छोट्या सैनिकांच्या मूर्ती (फिगर). त्यांच्या नवीन रिलीजचा फोटो मोबाईलवर आला की लगेच ऑर्डर टाकायची घाई होते आणि बहुतेक चुका तिथंच सुरू होतात. फोटोत सैनिक एकटा उभा असतो, शेजारी मोजपट्टी नसते, खाली बारीक अक्षरात स्केल लिहिलेला असतो तो कोणी वाचत नाही, मग पार्सल आलं की कळतं की हा गडी आपल्या कपाटातल्या बाकीच्या पलटणीपेक्षा डोक्यानं उंच आहे. आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबारला फिगर हातात घेऊन बघता येईल असं दुकान सापडणं अवघड, त्यामुळे सगळी खरेदी फोटोवरच होते, म्हणून ऑर्डरच्या आधी तीन गोष्टी विचारायच्याच: स्केल काय, मटेरियल काय, आणि रंगवलेली येणार की कोरी.

स्केलचा गोंधळ सगळ्यात जास्त होतो. पावणेसहा फुटाचा माणूस 1:32 मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्श्यात, साधारण 54 मिमीचा होतो, 1:30 मध्ये 58 च्या आसपास, 1:35 मध्ये 50, आणि 1:72 मध्ये जेमतेम 24. आता 54 आणि 58 मध्ये चारच मिमीचा फरक वाटतो, पण शेजारी शेजारी ठेवले की लगेच डोळ्यात खुपतं, कारण नुसती उंची नाही तर डोकं, हात, बंदूक सगळंच जाड होतं. डब्ल्यू. ब्रिटन या सैनिक बनवणाऱ्या कंपनीचे जुन्या पद्धतीचे चकचकीत रंगाचे सैनिक 54 मिमीचे, आणि त्यांचीच मॅट रंगाची नवीन मालिका 1:30 ची, म्हणजे कंपनी एक असली तरी स्केल एक असेलच असं नाही. किंग अँड कंट्री कंपनीचे बहुतेक 1:30 चे, तमिया कंपनीचे प्लास्टिक किट (सुटे भाग जोडायचे) जास्त करून 1:35 चे. शिवाय वॉरगेमिंगवाले (टेबलावर फिगर मांडून लढाईचा खेळ खेळणारे) 28 मिमी म्हणतात तेव्हा ते बरेचदा पायापासून डोळ्यापर्यंत मोजतात, टोपीपर्यंत नाही. तोफ किंवा घोडा वेगळा मागवताना तर हे आणखीनच तपासा, 1:35 ची तोफ 1:30 च्या गोलंदाजाजवळ ठेवली की ती खेळण्यातली वाटते. पक्कं करायचं असेल तर विक्रेत्याला सरळ सांगा, भाऊ, पट्टीशेजारी ठेवून एक फोटो पाठवा, बेस (पायाखालची बैठक) धरून उंची किती आणि बेस सोडून किती. चांगला विक्रेता पाठवतोच.

प्रीऑर्डरबद्दल, म्हणजे माल निघायच्या आधीच टाकलेल्या ऑर्डरबद्दल, थोडंसं. जाहिरातीत दिसतो तो बरेचदा मास्टर पेंटरनं रंगवलेला नमुना असतो, हातात येणारी फिगर कारखान्यात कोणीतरी हातानंच रंगवलेली असते, डोळे, मिशी, पट्ट्यांच्या कडा थोड्या इकडं तिकडं होणारच, त्यावरून भांडू नका. पण संगीन मोडलेली, लगाम तुटलेला, झेंड्याची काठी वाकलेली असेल तर ती तक्रार रास्त आहे, आणि त्यासाठी पार्सल उघडतानाचा व्हिडिओ हवाच, बाहेरच्या लेबलपासून सुरुवात करून. लिमिटेड एडिशन लिहिलं असेल तर किती नगांची ते विचारा, अडीचशे आणि पाच हजार यात जमीन अस्मानाचा फरक आहे. परदेशातून मागवत असाल तर कस्टमचा खर्च आधीच धरा, 2020 मध्ये खेळण्यांवरची ड्युटी 20 टक्क्यांवरून 60 वर नेली होती, तेव्हापासून बऱ्याच जणांचं बजेट दारात पार्सल आल्यावर कोलमडलंय. आणि रंगाचे स्प्रे कॅन परदेशातून मागवायच्या भानगडीत पडूच नका, ते विमानाच्या टपालात चालत नाहीत.

आता आपल्या उन्हाचं. मे महिन्यात भुसावळ, जळगावला पारा 45 च्या पुढं जातो आणि कुरिअरची गाडी किंवा बंद कार त्याहून खूप जास्त तापते. धातूच्या फिगरला त्याचं काही वाटत नाही, पण रेझिनचे (कडक प्लास्टिकसारखा माल) भाले, तलवारी, बंदुकीच्या नळ्या वाकतात, आणि हल्ली आपल्याकडचे छोटे विक्रेते थ्रीडी प्रिंट केलेले मावळे काढताहेत त्यातले पीएलए नावाच्या प्लास्टिकचे असतील तर ते साठ डिग्रीच्या आसपासच मऊ पडायला लागतात. त्यामुळे नवीन रिलीज एप्रिल मेमध्ये निघाली तरी शक्य असेल तर पाठवायची तारीख जूनच्या पावसानंतरची मागा. आलीच वाकून तर घाबरू नका. कोरी रेझिन फिगर असेल तर वाकलेला भाग कडक गरम पाण्यात थोडा वेळ धरा, बोटानं सरळ करा आणि तसाच धरून गार पाण्यात बुडवा, बसतो जागेवर. रंगवलेल्या फिगरला हा प्रयोग नको. धातूची संगीन वाकली असेल तर एकदाच, हळूहळू सरळ करायची, पुढं मागं वाकवत बसलात की ती मुळातून तुटते. आणि काहीही झालं तरी फिगर बंदुकीला किंवा तलवारीला धरून ट्रेमधून ओढायची नाही, बेसला धरून काढायची.

प्रिंटेड रेझिन हाताला चिकट लागत असेल तर ते नीट क्युअर झालेलं नाही, म्हणजे पूर्ण कडक झालेलं नाही, ग्लोव्ह्ज घाला आणि विक्रेत्याला परत पाठवा, त्यावर रंग धरणार नाही. रेझिन घासायचं तर ओलं करून घासा, मास्क लावून, ती धूळ छातीत जाणं चांगलं नाही.

किट जोडताना एक चूक इतक्या जणांची बघतो की लिहिल्याशिवाय राहवत नाही: प्लास्टिक सिमेंटनं धातू चिकटवायला बघतात. ते सिमेंट पॉलिस्टायरिन (किटचं प्लास्टिक) वितळवून जोडतं, धातूवर आणि रेझिनवर त्याचा काही उपयोग नाही. तिथं फेविक्विकसारखा सुपरग्लू, आणि घोडा किंवा तोफेसारखा जड भाग असेल तर दोन ट्यूबवाला इपॉक्सी. सुपरग्लू कमीत कमी लावा, जास्त झाला की आजूबाजूला पांढरट धुरकट थर बसतो. आणि रंगाच्या आधी सगळे भाग कोमट साबणाच्या पाण्यानं जुन्या टूथब्रशनं धुऊन पूर्ण वाळवा, साच्यातून निघावं म्हणून लावलेला तेलकट थर तसाच राहिला तर रंग पापडीसारखा सुटतो.

प्रायमर, म्हणजे रंगाच्या आधीचा पहिला थर, हा आपल्या भागातला खरा त्रास आहे. दुपारी गच्चीवर उन्हात स्प्रे मारला की रंगाचे कण हवेतच वाळतात आणि फिगरवर पोहोचेपर्यंत भुकटी झालेली असते, हात फिरवला की सॅंडपेपर लागतो. त्यात गरम वारा आणि धूळ. उन्हाळ्यात स्प्रे मारायचा तर पहाटे, ऊन चढायच्या आत, वारा पडलेला असताना, आणि कॅन रात्रभर घरात सावलीत ठेवलेला. झालीच खरखरीत तर कोरड्या टूथब्रशनं हलकं घासून बघा, बरंच निघतं, नाही निघालं तर धातूची फिगर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून रंग काढून परत सुरुवात करा. प्लास्टिक आणि रेझिनवर ॲसिटोन चुकूनही नाही. ब्रशनं ॲक्रिलिक लावतानाही रंग ब्रशच्या टोकावरच वाळतो, त्यासाठी ओली पॅलेट करा: पसरट डब्यात ओला स्पंज, वर बटर पेपर, झाकण लावलं की रंग दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकतो.

मग लोक उन्हाला कंटाळून स्प्रे घेऊन कूलरच्या खोलीत येतात आणि दुसरी चूक करतात. पाण्याचा कूलर खोलीत दमटपणा भरतो, आणि दमट हवेत मॅट वार्निश मारला की तो धुकं पडल्यासारखा पांढरा होतो, गडद निळ्या काळ्या गणवेशावर तर आठवड्याभराची मेहनत एका मिनिटात जाते. पावसाळ्यात पण हेच. वार्निशच्या दिवशी कूलर बंद ठेवा, पाऊस असेल तर काम पुढं ढकला, किंवा सरळ ब्रशनं लावायचा वार्निश वापरा. पांढरं झालंच असेल तर त्यावर ग्लॉस वार्निशचा पातळ हात मारा, बहुतेक वेळा खालचा रंग परत दिसायला लागतो, मग कोरड्या दिवशी मॅट.

जुने सैनिक असतील त्यांच्यासाठी वेगळी काळजी. डब्ल्यू. ब्रिटननं 1893 मध्ये पोकळ ओतकामाचे शिशाचे सैनिक काढले आणि ते 1966 पर्यंत चालले, त्यातले काही आजही जुन्या घरातून निघतात. अशांवर पांढरी भुकटी दिसली तर ती धूळ समजून फुंकू नका, ते शिसं सडतंय. नवीन प्लायवूड, एमडीएफ, पुठ्ठ्याचे खोके यातून आम्लाची वाफ निघते आणि बंद कपाटात ती शिशाला खाते. नवीन शोकेस बनवायला सुताराला सांगताना म्हणूनच काच आणि लोखंड सांगा, आणि हवा खेळायला फट ठेवा. भुकटी आलेली फिगर ग्लोव्ह्ज घालून बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा. जुन्या मूळ रंगावर नवा रंग मात्र चढवू नका, किंमत तर जातेच पण तो मूळ हात पुन्हा मिळत नाही. घरात लहान पोरं असतील तर शिशाचे सैनिक खेळायला द्यायचे नाहीत, हाताळल्यावर हात धुवायचे. त्यांना दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे द्या.

शेवटची चूक पैशाची नाही, इतिहासाची आहे, आणि मला ती जास्त लागते. मराठा सैनिक म्हणून विकल्या जाणाऱ्या नवीन फिगर नीट बघा, कित्येकदा 1857 चा शिपाई किंवा राजपूत स्वार पगडी बदलून दिलेला असतो. आपल्याला लढाया लांब शोधायला जायला नको. अजिंठ्याचा डोंगर ओलांडला की असई, जिथं 23 सप्टेंबर 1803 ला इंग्रजांच्या वेलस्लीच्या फौजेची शिंदे भोसल्यांशी गाठ पडली, शिंद्यांच्या कवायती पलटणी पोहलमन नावाच्या हॅनोव्हरच्या माणसाच्या हाताखाली होत्या आणि समोर इंग्रजांकडून 74 वी हायलँडर्स ही स्कॉटिश पलटण होती. त्याच ऑक्टोबरात इंग्रजांच्याच कर्नल स्टीव्हनसननं असीरगड किल्ला घेतला. खान्देश भिल्ल कोअर, म्हणजे इंग्रजांची भिल्लांची पलटण, तर आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं 1825 मध्ये उभी केली, ती असईच्या देखाव्यात बसवायची नाही. ओळखायची सोपी खूण बंदुकीत आहे. शिवकाळातल्या मावळ्याच्या हातात तोड्याची बंदूक हवी, म्हणजे जळता दोर धरणारी. 1803 च्या कवायती शिपायाकडे चकमकीची, दगड पकडलेल्या घोड्याची. आणि टोपीवाली बंदूक, जिच्यात घोडा छोट्या टोपीवर आपटतो, ती 1857 च्या सुमाराची. 54 मिमीवर हे स्पष्ट दिसतं. ऑर्डरच्या आधी बंदुकीच्या घोड्याचा आणि पगडीचा जवळून फोटो मागा, आणि टोपीवाली दिसली तर ती फिगर 1857 च्या देखाव्यासाठी घ्या, असईसाठी नको.