बारावीनंतर कॉलेज ठरवताय? फॉर्म भरायच्या आधी एसटीनं एक चक्कर मारून या

बारावीचा निकाल लागला की आमच्या गावात कॉलेजच्या एजंटची गाडी येते. त्यातला माणूस वडलांना काका म्हणतो, चहा घेतो आणि सांगतो की कॅप राऊंडच्या (मेरिटवर होणारे सरकारी प्रवेश) भानगडीत कशाला पडता, सीट आपल्या हातात आहे, फक्त टोकन द्या. आमच्या घरी तो आला तेव्हा पेरणी चालू होती, बाबांना वावरात जायची घाई, मला काहीच माहीत नाही, आणि पंधरा मिनिटात माझी चार वर्षं ठरून गेली. मॅनेजमेंट कोट्यातली (कॉलेज स्वतः भरते त्या सीटवरची) ॲडमिशन होती म्हणून स्कॉलरशिप बसत नाही हे मला कॉलेज चालू झाल्यावर ऑफिसच्या खिडकीत कळलं, आणि बाबांनी ती फी कापूस विकून भरली. म्हणून हे लिहून राहिलो, पोरापोरींसाठी आणि त्यांच्या मायबापासाठी पण.

आधी कोर्स ठरवा, कॉलेज नंतर. मित्र चालला म्हणून जाऊ नका. युनिव्हर्सिटीच्या साइटवर सिलॅबस असतो, पहिल्या दोन सेमिस्टरचा डाउनलोड करा आणि खरंच वाचा. बारावीत केमिस्ट्री नकोशी होत होती आणि फार्मसीला गेलात तर तिथं पण केमिस्ट्रीच आहे, सुटका नाही. बीएस्सी ॲग्री करायची असेल तर सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) द्यावी लागते आणि घरचा सातबारा असेल तर वेटेज, म्हणजे जास्तीचे मार्क मिळतात, पण अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाखाली सरकारी कॉलेजं पण येतात आणि खाजगी पण, दोघांच्या फीत लय फरक आहे, तो आधी पाहा. वेटरनरीला मात्र सीईटी नाही चालत, नीट (NEET) ही देशपातळीवरची परीक्षा लागते, आणि हे किती तरी पोरांना निकालानंतर कळते. बीसीए, बीबीएला पण २०२४ पासून सीईटी आली आहे.

आणि साधी बीए, बीएस्सी म्हणजे कमीपणा असं कोणी म्हणत असेल तर ऐकू नका. अमरावतीची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था १९२३ पासूनची आहे, सरकारी फीत तिथं चांगलं शिकायला मिळते. गडचिरोली-चंद्रपूरवाल्यांना तर २०११ पासून स्वतःचं गोंडवाना विद्यापीठ आहे. स्पर्धा परीक्षा द्यायची पक्की असेल तर पुण्यात महागडी डिग्री घेऊन काय करता, जिल्ह्याच्या गावी राहून अभ्यास होतो.

आता पैसा, आणि इथं घरात सगळ्यांनी बसून वहीवर लिहा. कॉलेज फक्त ट्यूशन फी सांगते. रूम, मेस, बस, पुस्तकं, लॅपटॉप हे कोणी सांगत नाही. मेस महिन्याला ३,००० धरली तरी दहा महिन्याचे ३०,०००, चार वर्षांचे १ लाख २० हजार, नुसतं जेवण झालं हे. शिवाय आपल्याकडे फी भरायची वेळ येते जुलै-ऑगस्टात आणि सोयाबीन-कापसाचा पैसा येतो दिवाळीच्या आसपास, म्हणून हप्ते करून मिळतात का हे ॲडमिशनच्या आधी विचारा, नंतर कोणी ऐकत नाही. खाजगी प्रोफेशनल कॉलेजची फी शासनाचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि त्यांच्या साइटवर कॉलेजवार टाकते, त्याच्यापेक्षा जास्त मागितली तर पावती मागा.

मुलींच्या घरच्यांनी हे नीट वाचा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखाच्या आत असेल तर प्रोफेशनल कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण ॲडमिशन कॅपमधूनच पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतली की गेलं. त्या गाडीवाल्या माणसाला हे माहीत असते, तो सांगत नाही एवढंच.

कागदपत्रं निकालाची वाट न पाहता काढा. जूनमध्ये सेतूवर इतकी गर्दी असते की उत्पन्नाच्या दाखल्यासाठी चार चकरा होतात आणि तीच वेळ पेरणीची. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन क्रिमीलेयर (आरक्षणासाठी लागणारा उत्पन्नमर्यादेचा दाखला, पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारा पाहिजे), आणि सगळ्यात वेळखाऊ म्हणजे कास्ट व्हॅलिडिटी (जात पडताळणी). ती अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत टाका. माझ्या चुलतभावाची वेळेत आली नाही, मार्क असूनही ओपनमध्ये ढकलला गेला, तो दिवस आमच्या घरात कोणी जेवलं नाही.

मग कॉलेज पाहायला जा, सुट्टीच्या दिवशी नाही, मंगळवार-बुधवारी दुपारी. ऑफिसात नंतर, आधी कँटीनला बसा आणि सेकंड इयरच्या पोरांना विचारा: लेक्चर होतात का, लॅबमध्ये मशीन चालते का की नुसती झाकून ठेवली आहे, मागच्या वर्षी कंपनी आली ती कोणती आणि किती जण घेतले. फोटोतली बिल्डिंग सगळ्यांचीच चांगली असते हो. मुलींनी होस्टेल आतून पाहून या आणि शेवटची एसटी किती वाजता आहे ते स्टँडवर विचारा. "अटेंडन्स नसला तरी चालते" असं जिथं सांगतात तिथून परत या.

कॅपचा ऑप्शन फॉर्म (कॉलेजं पसंतीच्या क्रमानं टाकायची यादी) भरताना मागच्या वर्षीचा कटऑफ आपल्या कॅटेगरीचा पाहा, पण जे खरंच हवं ते वर टाका आणि जिथं जायचंच नाही ते टाकूच नका, कारण पहिल्या नंबरचं कॉलेज पहिल्याच राऊंडला लागलं तर सीट ऑटो फ्रीझ होते, म्हणजे तीच पक्की, पुढच्या राऊंडला बदल नाही. फॉर्म नेट कॅफेत भरला तरी मोबाइल नंबर घरचाच द्या, ओटीपी त्यावर येतो, आणि पासवर्ड कॅफेवाल्याजवळ ठेवू नका, स्वतःच्या वहीत लिहून घरी आणा.