खासगी जमिनीतून लोकांना वाट देताना

आपल्या मालकीच्या रानातून, कुरणातून किंवा नदीकाठच्या पट्ट्यातून लोकांनी चालत जावे अशी इच्छा असेल, तर फाटक उघडण्याआधी नकाशा हातात घेऊन निदान एक पूर्ण वर्ष त्या जमिनीवर फिरावे. पक्षी जमिनीवर घरटी कुठे करतात, पाणी कुठे साचते, गुरे विण्याच्या दिवसांत कुठे असतात आणि लोक आजही परवानगीशिवाय कुठून जातात, हे ऋतूनुसार नोंदवावे. शेवटची नोंद करताना मालकाला राग येतो, म्हणून ती बहुधा टाळली जाते. मला मात्र तीच सर्वांत उपयोगी वाटते, कारण लोक आपणहून जिथून चालतात ती रेषा जमिनीच्या उताराने आणि चालणाऱ्यांच्या पायांनी मिळून ठरवलेली असते, आणि तिच्या विरोधात उभी केलेली पाटी फार काळ कोणी मानत नाही.

मग कायदा पाहावा. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या भूमी सुधारणा कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या प्रत्येकाला बहुतेक जमिनींवर आणि जलाशयांवर जाण्याचा हक्क दिला आहे. नॉर्वेत १९५७ चा कायदा मोकळे रान आणि घराभोवतालची किंवा लागवडीची जमीन यांत भेद करतो, आणि तंबू राहत्या घरापासून किमान १५० मीटर दूर ठोकावा असे सांगतो. अशा देशांत येऊ द्यावे की नाही हा प्रश्न बहुतांशी सुटलेला असतो, आणि येणाऱ्यांना कोणत्या वाटेने न्यावे एवढेच मालकाच्या हाती उरते. जिथे असा हक्क नाही, तिथे दिलेली वाट ही केवळ परवानगी आहे की कायमची वहिवाट, हे पहिल्या दिवशीच लेखी ठरवावे. इंग्लंडमध्ये एखाद्या वाटेचा २० वर्षे हक्काने आणि अखंड वापर झाला, तर मालकाने ती लोकांना अर्पण केली असे कायदा गृहीत धरू शकतो. म्हणूनच तिथले मालक स्थानिक प्राधिकरणाकडे नकाशा आणि घोषणापत्र दाखल करून ठेवतात. परवानगीच असेल तर तसे पाटीवर स्पष्ट लिहावे, म्हणजे पुढे कोणाचीच फसवणूक होत नाही.

खरे काम वाट आखण्याचे आहे, आणि निसर्गरक्षणाचे बहुतेक यश त्यातच असते. चढावर सरळ वर जाणारी वाट पावसाचे पाणी धरते आणि काही वर्षांत तिची घळ होते. म्हणून वाट उताराला आडवी, हळूहळू चढत जाणारी आखावी आणि पाणी बाजूला काढण्यासाठी ठरावीक अंतरावर वाटेवर तिरक्या दगडी पट्ट्या बसवाव्यात. माणूस चिखल टाळतो, आणि तो टाळण्यासाठी बाजूच्या गवतावर पाय टाकतो. त्यामुळे वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा कोरडी राहिली नाही तर ती दर पावसाळ्यात रुंदावत जाते. ओलसर जागी दगड किंवा लाकडी फळ्या टाकण्याचा खर्च मी कधीही वाचवणार नाही. कुंपण ओलांडायला शक्य तिथे मोकळी फट ठेवावी, गुरांमुळे ते जमत नसेल तर फाटक लावावे, आणि चढून उतरण्याची शिडी हा अगदी शेवटचा पर्याय मानावा, कारण वृद्ध आणि अपंग व्यक्ती तिथूनच परत फिरतात. घरट्यांच्या जागेपासून वाट वळणाने दूर न्यावी, आणि मध्ये काटेरी झुडपांचा दाट पट्टा वाढू द्यावा.

कुत्र्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. चंडोल किंवा टिटवी घरट्यावरून वारंवार उडाली, तर अंडी थंड पडतात आणि शिकारी प्राण्यांना सापडतात. कुत्र्याच्या विष्ठेतून पसरणाऱ्या निओस्पोरा या परजीवीमुळे गाईंचे गर्भपात होतात, आणि पिसवांवरचे औषध लावलेला कुत्रा तळ्यात उतरला की ते औषध पाण्यातल्या कीटकांपर्यंत पोहोचते. इंग्लंडमध्ये २००० च्या कायद्याने खुल्या झालेल्या माळरानांवर आणि डोंगरांवर १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्रा २ मीटरपेक्षा लांब नसलेल्या दोरीला बांधलेला असावा लागतो, आणि गुरांजवळ तर वर्षभर. आपल्याकडच्या विणीच्या हंगामाच्या तारखा शोधून असाच नियम करावा आणि पाटीवर त्यामागचे कारणही लिहावे. कारण कळले की बरेच लोक दोरी स्वतःहून बांधतात.

वाट काही दिवस बंद करावी लागली, तर पाटीवर सुरुवातीची आणि शेवटची अशा दोन्ही तारखा असाव्यात. मुदत संपल्यावर ती पाटी त्याच दिवशी काढावी, नाहीतर पुढच्या खऱ्या बंदीवर कोणी विश्वास ठेवत नाही. वासरांसह गाई असलेल्या कुरणातून वाट जात असेल, तर तेवढ्या काळापुरता पर्यायी मार्ग खुणा करून द्यावा.

वर्षातून दोनदा, त्याच ठरलेल्या जागांवरून छायाचित्रे घ्यावीत आणि वाटेची रुंदी फितीने मोजावी. रुंदी वाढतच असेल, तर आधी पाण्याचा निचरा तपासावा. एवढ्याने भागले नाही, तरच वाट हलवावी. नवी वाट तयार होऊन लोकांच्या पायाखाली रुळेपर्यंत जुनी बंद करू नये. त्यानंतर जुन्या वाटेच्या दोन्ही तोंडांवर तोडलेल्या फांद्या पसराव्यात, म्हणजे तिच्यावर पाय पडत नाहीत आणि गवत पुन्हा धरते.