मैलांवर बिझनेस क्लासची जागा कशी मिळवावी, आणि विमान कंपनी ती का रोखून धरते

आमच्या बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, प्रतापनगर या भागांतल्या मराठी घरांमधून दरवर्षी कितीतरी आजी-आजोबा न्यू जर्सी, टोरांटो किंवा लंडनला मुलांकडे जातात, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांच्या मुलांनी क्रेडिट कार्डावर किंवा विमान कंपनीच्या खात्यात पुरेसे मैल, म्हणजे पैशांऐवजी तिकिटासाठी वापरता येणारे गुण, साठवलेले असतात. तरीही गुडघे धरलेली सत्तरीतली आई पंधरा तास इकॉनॉमीत बसूनच जाते, कारण बिझनेस क्लासच्या जागा मैलांवर मिळतच नाहीत, असे कोणीतरी ठामपणे सांगितलेले असते. त्या मिळतात, फक्त कंपनी त्या कधी आणि का सोडते हे कळल्याशिवाय शोधणे म्हणजे अंधारात चाचपडणे आहे. मी घरच्यांसाठी आणि नात्यागोत्यातल्यांसाठी अशी बरीच तिकिटे काढली आहेत. तुमच्याकडे मैल किंवा कार्डाचे पॉइंट आहेत, पासपोर्ट आणि व्हिसाची तजवीज झाली आहे, असे धरूनच पुढे लिहितो.

आधी कारण समजून घ्या, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावरच उभी आहे. १९७८ मध्ये अमेरिकेत विमान वाहतुकीवरचे सरकारी नियंत्रण उठले आणि १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने आपली मैलांची योजना सुरू केली. जी खुर्ची रिकामीच उडणार आहे ती नेहमीच्या गिऱ्हाइकाला दिली तर कंपनीला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, हा त्यामागचा हिशेब आजही बदललेला नाही. बदलले आहे ते मैलांचे प्रमाण. आज मैल मुख्यतः बँकांना विकले जातात. एकट्या डेल्टा विमान कंपनीला अमेरिकन एक्सप्रेस या कार्ड कंपनीकडून २०२४ मध्ये ७ अब्ज डॉलरहून अधिक मिळाले. मैल हवे तेवढे निर्माण करता येतात, खुर्च्या मात्र वाढत नाहीत. एअर इंडियाच्या बोइंग ७८७-८ विमानाच्या मूळ रचनेत २५६ आसने आहेत आणि त्यांतली बिझनेसची फक्त १८.

या १८ खुर्च्यांचा स्वभावही निराळा असतो. इकॉनॉमीतला प्रवासी चार महिने आधी स्वस्त तिकीट शोधतो, तर कंपनीच्या कामाने जाणारा माणूस शेवटच्या दहा-पंधरा दिवसांत तिकीट काढतो आणि सर्वांत जास्त पैसे मोजतो. म्हणून भाडेनियोजन पाहणारा विभाग त्याच्यासाठी खुर्च्या राखून ठेवतो. समजा, एखाद्या मंगळवारच्या विमानात १३ खुर्च्या पैसे देणारे घेतील असा अंदाज आहे आणि ३ खुर्च्या नेहमीच्या प्रवाशांना वरचा वर्ग देण्यासाठी ठेवायच्या आहेत, तर उरतात २. त्या दोन कंपनी मैलांसाठी उघडते. अंदाज १७ झाला की एकही उघडत नाही, मग संकेतस्थळावरच्या आसनांच्या नकाशात दहा खुर्च्या मोकळ्या दिसत असल्या तरी. नकाशातली मोकळी खुर्ची आणि मैलांवर मिळणारी खुर्ची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक प्रकारच्या तिकिटाला एक अक्षर दिलेले असते. स्टार अलायन्स या, एकमेकांच्या मैलांवर तिकिटे देणाऱ्या विमान कंपन्यांच्या गटाच्या भागीदार कंपन्यांमध्ये मैलांवरच्या बिझनेस जागेचे अक्षर ‘आय’ आहे, आणि त्या अक्षरापुढे शून्य असेल तर बाकी विमान रिकामे असूनही तुम्हाला जागा नाही.

भागीदार कंपनीचे मैल वापरणाऱ्याला आणखी कमी मिळते, कारण भागीदाराकडून त्या खुर्चीबद्दल मिळणारी ठरीव रक्कम विक्रीच्या भाड्यापेक्षा पुष्कळ कमी असते. सिंगापूर एअरलाइन्स तर लांबच्या मार्गांवरच्या बिझनेस जागा बहुतांशी क्रिसफ्लायर या स्वतःच्या मैल योजनेच्या सदस्यांसाठीच ठेवते. त्या जागा दुसऱ्या कंपनीच्या मैलांवर शोधण्यात दिवस घालवू नका.

आता कामाला लागा. ज्या योजनांमध्ये तुमच्या कार्डाचे पॉइंट जाऊ शकतात त्यांची यादी करा आणि त्या प्रत्येक योजनेत विनामूल्य खाते उघडा. या पायरीत अवघड काही नाही.

खरी कसोटी जागा शोधण्याची आहे, आणि मी ठेच खाल्ली ती इथेच. आई-बाबांना बहिणीकडे न्यू जर्सीला पाठवायचे होते. एका भागीदार कंपनीच्या पडद्यावर बिझनेसच्या दोन जागा दिसल्या, आणि मी त्याच रात्री कार्डाचे सगळे पॉइंट त्या योजनेत वळते केले. ते पोहोचायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी सकाळी जागा अजून दिसतच होत्या. मी नावे भरली, पासपोर्ट क्रमांक भरले, पैसे भरण्याच्या पानावर गेलो आणि लाल अक्षरांत एकच ओळ आली की ही जागा उपलब्ध नाही. मागे येऊन पाहिले तर जागा पुन्हा दिसत होती. सहा वेळा हेच झाले. ती जागा कधी नव्हतीच. भागीदाराच्या संगणकात जुनी नोंद तशीच राहिली होती. पॉइंट मात्र गेले ते गेले, कारण एकदा वळते केलेले पॉइंट कार्डावर परत येत नाहीत. आई-बाबा इकॉनॉमीत गेले, आणि त्या योजनेतले मैल मुदत संपून बाद झाले. न्यू जर्सीला उतरल्यावर आईचे पाय इतके सुजले होते की चपला हातात घेऊन ती बाहेर आली, असे बहिणीने फोनवर सांगितले.

म्हणून ‘पॉइंट आधी वळते करून ठेवा, म्हणजे जागा दिसली की लगेच घेता येईल’ हा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. आधी जागा, मग पॉइंट. दिसलेली जागा खरी आहे का, हे तीन प्रकारे तपासा. त्याच अलायन्सच्या दुसऱ्या कंपनीच्या पडद्यावरही ती दिसते का ते पाहा. ज्या योजनेतून तिकीट काढणार त्या योजनेला फोन करून तारीख आणि विमान क्रमांक सांगा आणि त्यांना ती जागा दिसते का ते विचारा. खात्यात मैल नसले तरी एवढे सांगायला ते सहसा नकार देत नाहीत. आणि ती योजना जागा काही काळ धरून ठेवते का तेही त्याच फोनवर विचारा, कारण पॉइंट पोहोचेपर्यंतचे दिवस त्यामुळे निभावतात. या तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय पॉइंटला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोणत्या दिवशी शोधावे, याचे उत्तर वरच्या हिशेबातच आहे. जागा मुख्यतः दोन वेळा उघडतात. एकदा वेळापत्रक विक्रीला येते तेव्हा, म्हणजे कंपनीगणिक साधारण ३३० ते ३६० दिवस आधी. ब्रिटिश एअरवेजने २०१५ मध्ये प्रत्येक विमानात बिझनेसच्या किमान दोन जागा मैलांसाठी ठेवण्याची हमी जाहीर केली होती. तिच्या जागा ३५५ दिवस आधी उघडतात, ग्रीनिचच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. त्या वेळी उठून बसायची तयारी ठेवा, कारण गर्दीच्या तारखांच्या जागा दुपारपर्यंत राहत नाहीत. दुसरी वेळ शेवटच्या दोन आठवड्यांची: पैसे देणारे अपेक्षेइतके आले नाहीत हे तोवर कंपनीला कळलेले असते आणि उरलेल्या खुर्च्या मैलांसाठी सुटतात. मधल्या सहा-आठ महिन्यांत रोज पाहूनही हाती काही लागत नाही, आणि लोक नेमके याच काळात शोधून थकतात. ज्येष्ठांसाठी मी पहिली वेळच सुचवतो. शेवटच्या आठवड्यावर विसंबायचे असेल तर रद्द करता येणारे इकॉनॉमीचे तिकीट हाताशी असू द्या.

तारखा निवडताना गर्दीच्या उलट दिशेने जा. नवरात्रात आणि उत्तरायणाच्या आधी परदेशातली बडोदेकर मंडळी इकडे येत असतात. त्याच दिवसांत इकडून तिकडे जाणाऱ्या विमानांत जागा सापडण्याची शक्यता जास्त असते. मे महिन्याचा आग्रह सोडून सप्टेंबरअखेर आईला पाठवले, तर मुलांनाही वावगे वाटणार नाही. रविवारची रात्र आणि सोमवार कामाच्या प्रवाशांचे असतात. मंगळवार, बुधवार आणि शनिवार आधी पाहा. दिवाळी आणि नाताळच्या ऐन दिवसांत कामाचा प्रवास थांबतो, त्यामुळे त्या दिवशीचीच विमानेही तपासा.

पडद्यावर शोधताना अहमदाबाद ते न्यूअर्क असे एकदम टाकू नका. एका टप्प्यावर जागा नसली की संगणक अख्खा मार्गच लपवतो. मधला लांब टप्पा, म्हणजे दिल्ली किंवा मुंबईपासून पुढचा, स्वतंत्र शोधा आणि तो सापडला की अलीकडचे टप्पे जोडा. पडद्यावर जोडले जात नसतील तर फोनवर जोडून घ्या. दोघांसाठी शोधतानाही आधी एकच प्रवासी टाका, कारण एकच जागा उघडी असेल तर दोघांच्या शोधात तीही दिसत नाही. आणि सापडलेल्या मार्गातल्या प्रत्येक टप्प्याचा वर्ग वाचा. वर ‘बिझनेस’ लिहिलेले असूनही दोन तासांचा टप्पा बिझनेसचा आणि चौदा तासांचा इकॉनॉमीचा असे पुष्कळदा असते, आणि मैल पूर्ण बिझनेसचे कापले जातात. शेजारच्या काकांचे तिकीट मी अगदी शेवटच्या क्षणी या कारणाने थांबवले होते.

अहमदाबाद जोडलेच जात नसेल तर दिल्लीपर्यंतचे तिकीट वेगळे काढा, पण त्याच दिवशीचे नको. आदल्या दिवशी पोहोचून मुक्काम करा. वेगळ्या तिकिटावरचे पहिले विमान चुकले किंवा उशिरा पोहोचले तर पुढच्या कंपनीवर कसलीही जबाबदारी नसते.

कर आणि इंधन अधिभार किती लागतो ते पैसे भरण्यापूर्वी पाहा. एकाच विमानासाठी एक योजना मोठा अधिभार घेते आणि दुसरी घेत नाही. एअर कॅनडाची एरोप्लॅन आणि युनायटेडची योजना इंधन अधिभार लावत नाहीत.

तिकीट निघाल्यावर आलेल्या ईमेलवर समाधान मानू नका. जी कंपनी प्रत्यक्ष विमान चालवणार आहे तिच्याकडचा आरक्षण क्रमांक वेगळा असतो. तो मागून घ्या, त्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाका आणि तेरा अंकी तिकीट क्रमांक तिथे उमटला आहे का ते पाहा. आरक्षण आहे पण तिकीट क्रमांक नाही, अशी नोंद काही दिवसांत आपोआप रद्द होते. चोवीस तासांत क्रमांक दिसला नाही तर लगेच फोन करा, आणि तो दिसला की त्याच पानावर आईसाठी स्वच्छतागृहाजवळची, वाटेच्या कडेची खुर्ची आणि चाकाची खुर्ची दोन्ही नोंदवून टाका.