वृद्धाश्रमातली नोकरी: पहिली तपासणी आणि तीन दिवस उशिराची नोंद

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झाल्यावर कामठी रोडवरच्या एका वृद्धाश्रमात रुजू झालो. लष्कराची छावणी जवळ, त्यामुळे आमचे बरेच आजोबा माजी सैनिक. मला वाटायचं, देखरेख जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची असणार. तसं नव्हतं. ते कार्यालय माजी सैनिकांची ओळखपत्रं, पेन्शनच्या अडचणी, मदतीचे अर्ज बघतं. आमची संस्था ट्रस्ट, म्हणून हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे. अनुदानाची तपासणी समाज कल्याणकडून. रुजू होताच एवढं विचारून घ्या: पैसा कुठून येतो?

31 मार्चनंतरचं ऑडिट, उपयोगिता प्रमाणपत्र (अनुदान ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला), विश्वस्त बदलला तर 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, हे सीए आणि सचिव बघतात. तुमची मान अडकते ती रजिस्टरांत. प्रवेश, हजेरी, औषधं, भेटायला येणारे, डेडस्टॉक (खाटा-कपाटांसारख्या टिकाऊ सामानाची नोंद) आणि घटना नोंदवही.

मी तिथंच आपटलो. मे महिना, कूलर बंद पडलेला, त्या धांदलीत एक आजोबा न्हाणीघरात घसरले. मनगटाला प्लास्टर लागलं. दवाखाना, मुलाला फोन, सगळं वेळेत केलं. नोंद मात्र तीन दिवसांनी, मागची तारीख टाकून. तपासणीला आलेल्या मॅडमनी पान उलटलं. आधीच्या ओळीवर 17 तारीख, माझ्या ओळीवर 14. शेरेबहीत लाल शेरा पडला. उपचार वेळेत झाल्याचे कागद दाखवले, तरी शेरा राहिलाच. खरं सांगायचं तर उशीर कबूल करून 17 तारखेलाच लिहिलं असतं, तर निभावलं असतं. मागची तारीख ही लबाडीच दिसते.

संध्याकाळी आमच्या माजी सैनिक आजोबांपैकी एक, सुभेदारसाहेब, यांनी गाठलं. "काहून रे पोरा, फौजेत रोलकॉल तीन दिवसांनी घेतेत का?"

अजून एक. पेन्शनसाठी हयातीचा दाखला दरवर्षी लागतो. म्हाताऱ्या बोटांचे ठसे मशीन बरेचदा घेत नाही. चेहऱ्यावरून होतो, तो उजेडात बसवून करा. कोणाचा कधी संपतो, याचा तक्ता भिंतीवर लावा. दाखला चुकला की पेन्शन अडकते, आणि आजोबा जेवणाचे पैसे देता येत नाहीत म्हणून ताटावर बसायला लाजतात. हे कुठल्याच अहवालात येत नाही.

आता रात्री नऊला सुभेदारसाहेब खुर्ची ओढून टेबलाशी बसतात. मी पेन उघडतो. ते म्हणतात, "बोल, आज कोण पडलं?"