खरेदी ते पेमेंट: कारखान्यात प्रमाण प्रक्रिया-सूची कशी लावायची

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या मध्यम कारखान्यात ट्रक आला की गेटवरचा माणूस 'इनवर्ड' करतो (माल आत आल्याची नोंद), स्टोअरवाला जीआरएन (माल मिळाल्याची पावती) काढतो आणि अकाउंट्समध्ये बिल चढतं. कामं तीन, पण मीटिंगमध्ये तिघंही "एन्ट्री झाली" एवढंच म्हणतात. मग कुठली एन्ट्री, यावरच अर्धा तास जातो. प्रमाण प्रक्रिया-सूची, म्हणजे धंद्यातल्या कामांची क्रमांक लावलेली तयार यादी, लावायची ती हा घोळ मिटवायला. आयएसओचं (गुणवत्ता प्रमाणपत्राचं) ऑडिट तोंडावर आलं म्हणून घाईघाईत लावलेली सूची फाइलमधून बाहेर येत नाही.

सगळ्यात जास्त वापरात असलेली सूची ह्यूस्टनच्या एपीक्यूसी या संस्थेची आहे. ती मोफत मिळते. पीडीएफ नको, एक्सेल उतरवून घ्या, कारण काम त्यातच करायचंय. उद्योगवार आवृत्त्याही आहेत, पण पहिल्या खेपेला सर्व उद्योगांसाठी असलेली घ्यावी. सातव्या आवृत्तीत १३ मुख्य वर्ग आहेत. पहिले ६ धंद्याच्या मूळ कामाचे: धोरण, उत्पादन विकास, विक्री, पुरवठा साखळी, सेवा, ग्राहक सेवा. उरलेले ७ आधाराचे: माणसं, आयटी, पैसा, मालमत्ता वगैरे. प्रत्येक वर्ग पाच पातळ्यांपर्यंत उतरतो: ४.०, ४.२, ४.२.१ असं.

प्रत्येक ओळीला दोन क्रमांक असतात, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. ४.२ हा जागेचा क्रमांक, तो आवृत्तीबरोबर सरकतो. दुसरा पाच अंकी, तो त्या कामाचा कायमचा. मनुष्यबळाचा वर्ग सहाव्या आवृत्तीत ६.० होता, सातव्यात ७.० झाला, त्याचा पाच अंकी क्रमांक १०००७ मात्र तोच राहिला. कार्यपद्धतीच्या कागदांवर नुसता ७.० छापला असेल तर आवृत्ती बदलल्यावर सगळे कागद पुन्हा छापायची पाळी येते. पाच अंकी क्रमांकच जोडा.

सूचीत काम काय ते असतं. कसं आणि कोणी, ते नसतं. ग्रंथालयात पुस्तकाचा क्रमांक विषयावरून पडतो, ते कोण वाचतं यावरून नाही. बडोद्याला हे नवं नाही: सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बोलावलेल्या बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाने ड्युई आणि कटर यांच्या पुस्तकं लावण्याच्या पद्धती जुळवून इथल्यासाठी वेगळी वर्गीकरण पद्धत बसवली होती. तयार साचा घ्यावा आणि घरच्या मापाने बेतावा, ही रीत इथेही चालते.

सुरुवात एकाच धाग्याने करा. खरेदी ते पेमेंट हा धागा बरा, कारण त्यात गेट, स्टोअर, क्यूसी (माल तपासणी), परचेस आणि अकाउंट्स सगळे येतात. प्रत्येक विभागाच्या कामाच्या माणसाला, म्हणजे साहेबाला नव्हे, चिठ्ठ्या द्या. एका चिठ्ठीवर एक काम, शेवटी क्रियापद: 'पीओ (खरेदीची ऑर्डर) पाठवणे', 'वजन तपासणे', 'डेबिट नोट (बिलातून रक्कम कापल्याचा कागद) काढणे'. नुसतं 'क्यूसी' किंवा 'स्टोअर' लिहिलेली चिठ्ठी परत करा. ते खात्याचं नाव आहे, कामाचं नव्हे. मराठीत, गुजरातीत, जसं सुचेल तसं लिहू द्या.

मग चिठ्ठ्या सूचीवर बसवा. खरेदीच्या चिठ्ठ्या ४.२ खाली, गोदाम आणि मालाची ने-आण ४.४ खाली, बिल तपासून पैसे देणं ९.६ खाली. तिसऱ्या पातळीपर्यंत सगळं उतरवा. चौथ्या पातळीवर फक्त जिथे काम एका हातातून दुसऱ्या हातात जातं तिथेच जा. पाचवी पातळी सोडून द्या. तिथपर्यंत गेलेली सूची कोणी ताजी ठेवत नाही.

भांडण हमखास होतं ते जॉबवर्कवरून, म्हणजे आपल्या मालावर बाहेरच्याकडून काम करून आणण्यावरून. प्लेटिंगला माल बाहेर गेला, तर ते उत्पादन की खरेदी? तोडून बसवा: सेवेची ऑर्डर ४.२ मध्ये, चलानवर (मालासोबतच्या कागदावर) माल जाणं-येणं ४.४ मध्ये. चलानचं काम एका ठिकाणी आलं की जीएसटीचा वर्षाच्या आत माल परत आणण्याचा हिशोबही तिथूनच पाहता येतो.

शीटमध्ये सात रकाने पुरतात: पाच अंकी क्रमांक, सूचीतलं नाव, आपलं बोलीतलं नाव, एकच जबाबदार पद, काम कशाने सुरू होतं, कोणता कागद निघतो, किती दिवस लागतात. बोलीतला रकाना गाळू नका. तो नसेल तर गेटवरचा माणूस सूचीकडे ढुंकूनही बघणार नाही. जबाबदार रकान्यात दोन पदं आली तर काम अजून नीट तोडलेलं नाही असं समजा.

दिवसांच्या रकान्यातून लगेच पैशाचा प्रश्न निघतो. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उत्पादक म्हणून नोंदलेला असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी पेमेंटला ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही. करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. माल मिळाल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर मोजणी माल पोचल्या दिवसापासून होते. म्हणजे क्यूसीत माल आठवडाभर पडून राहिला तरी घड्याळ चालूच. बिल चढवल्याच्या तारखेपासून दिवस मोजणाऱ्या अकाउंट्सला हे सूचीत गेटची ओळ वेगळी दिसेपर्यंत लक्षात येत नाही.

जे काम आपल्याकडे होतच नाही त्याची ओळ पुसू नका, 'लागू नाही' लिहा. आणि आपलं एखादं काम सूचीत सापडलं नाही तर सूचीचा क्रमांक उसना न घेता आपला वेगळा द्या, 'ब-१', 'ब-२' असा, म्हणजे पुढची आवृत्ती आली की कुठल्या ओळी घरच्या आहेत ते शोधत बसावं लागणार नाही.